मासोळीच्या नळीतला बाप्या

१

रक्त बाईचं होतं आणि अहवाल म्हणत होता, हे बाप्याचं आहे.

ही ओळ पहिल्या पानावर असती तर कुणाच्याही डोळ्यांत भरली असती. पण ती होती शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत: 'नमुन्यात पुरुषाचे गुणसूत्र आढळले. नमुन्याची ओळख तपासून घ्यावी.' पहिल्या पानावर मात्र ठसठशीत छापलं होतं की या व्यक्तीच्या जनुकात बिघाड आहे, स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा. सर्जनसाहेबांनी पहिलं पान वाचलं आणि तारीख दिली. सोमवारी सकाळी त्या बाईचे दोन्ही स्तन काढायचे, रोग उंबरा ओलांडायच्या आधीच. तिच्या आईला तो होऊन गेला होता, आणि आईच्या जनुकातही हाच बिघाड सापडला होता.

शेवटची ओळ सापडली पणबाईंना. त्या रुग्णालयाच्या रुग्णसुरक्षेच्या प्रमुख. शिकून डॉक्टर झालेल्या, पण डॉक्टर म्हणून त्यांना कुणी हाक मारत नसे. बैठक संपून सगळे खुर्च्या सरकवायला लागले की त्या बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "पण..." आणि सगळे सुस्कारा टाकून पुन्हा बसायचे. जनुकांच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी एक नियम घालून दिला होता. अहवालावरून कुणाच्या अंगाला सुरी लागणार असेल, तर तो दोघांनी वाचायचा, आणि त्यातल्या एकाने रुग्णाला कधी पाहिलेलं नसावं. ओळखीच्या माणसाचा कागद आपण मनाने वाचतो, डोळ्यांनी नाही, असं त्या म्हणत.

"छापताना चूक झाली असेल," सर्जनसाहेब म्हणाले. हसतमुख माणूस, पण थांबायचं म्हटलं की त्यांच्या पायाला मुंग्या येत. "मी स्वतः तपासलंय तिला. ती बाई आहे, याबद्दल माझी खात्री आहे."

"माझीही आहे. पण रक्ताबद्दल नाही."

सोमवार रद्द झाला. तसं सांगायला पणबाईंनी त्या बाईला बोलावून घेतलं. ती तलावावर पोहायला शिकवायची. खांदे रुंद, केसांना कायम ओलसर वास, आणि सगळ्या गावाने ठेवलेलं नाव मासोळी.

"थांबा म्हणता?" मासोळी ताडकन म्हणाली. "बाई, मी रोज आरशासमोर उभं राहून माझ्याच अंगाचा निरोप घेतलाय. घट्ट केलेलं मन सैल करायचं, पुन्हा घट्ट करायचं, हे काय केस बांधण्यासारखं आहे का?"

"नाही. पण बिघाड तुमचा नसेल, तर आम्ही धडधाकट अंग कापू. ते परत लावता येत नाही. आणि तुमचाच असेल, तर थोडं थांबल्याने काही हातचं जात नाही."

मासोळीने ओले केस मागे सारले. मग हळूच म्हणाली, "ते रक्त माझं नसेल, तर कुणाचं?"

"तेच शोधायचंय," पणबाई म्हणाल्या. "कारण ज्याचं कुणाचं आहे, त्या बिचाऱ्याला अजून पत्ताच नाही."

२

नर्सताई म्हणजे रक्त काढणाऱ्यांत हळद लावल्यासारखा हलका हात. चौकशी म्हणताच त्यांनी पदर खोचला.

"माझ्या हातून नळी बदलली म्हणता? चिठ्ठी मी रुग्णासमोर लावते. त्यालाच वाचायला लावते. मासोळीने स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं, वर 'अक्षर छान आहे' म्हणाली."

"विचारायचे ते प्रश्न विचारलेत?"

"सगळे. हल्ली कुणाचं रक्त चढवलंय का, हेसुद्धा. नाही म्हणाली."

"हल्लीच का विचारता?"

"चढवलेलं रक्त काही महिन्यांत संपून जातं. म्हणून हल्लीचं विचारायचं, असं ठरवून दिलंय."

"कुणी ठरवून दिलंय?"

नर्सताईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "तुम्ही."

पणबाई खोकल्या, आणि तळघरातल्या प्रयोगशाळेकडे निघाल्या.

तिथला तंत्रज्ञ सगळ्यांचा नळीवाला. माणूस गोड, नळ्यांशी गप्पा मारणारा. पण आज त्याचा चेहरा पडला होता, कारण जनुकांचा विभाग बंद करावा अशी कुजबुज वरपर्यंत गेली होती आणि सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळत होती.

"आमच्याकडे आली ती नळी मी तशीच पुढे पाठवली, बाई. शपथ घेतो."

"वरून खाली आली कशी?"

नळीवाला नळीसारखाच उभा राहिला. "लिफ्टने."

"कोण घेऊन आलं?"

"तसं कुणीच नाही. वरचे लोक पेटी लिफ्टमध्ये ठेवतात, बटण दाबतात, आम्ही खाली उतरवून घेतो. पेटीला काय पाय फुटतात?"

"म्हणजे पेटी एकटी प्रवास करते."

"रोजच. फक्त त्या दिवशी..." त्याने डोकं खाजवलं. "त्या दिवशी लिफ्ट मध्येच अडकली. दुरुस्तीवाला वरच्या झाकणातून आत उतरला. बराच वेळ होता आत. पेटी आणि तो, दोघंच."

"कोण दुरुस्तीवाला?"

"आपला नेहमीचा. उंच, शीळ घालत फिरतो तो. तो बघा."

व्हरांड्याच्या टोकाला तेलाने माखलेला एक माणूस पाना पुसत उभा होता. तेवढ्यात मासोळी जिना उतरून आली, झपाझप त्याच्याकडे गेली, त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "दादा, घरी चल. आई वाट बघतेय."

३

"झालं," सर्जनसाहेब म्हणाले. "रक्तात बाप्या, लिफ्टमध्ये बाप्या, आणि बाप्या तिचा सख्खा भाऊ. आता तुमचा 'पण' कुठे बसवता?"

"त्याने का केलं असेल?"

"बहीण हट्टी. शस्त्रक्रिया तिला हवीच होती. अहवाल चांगला आला तर आपण नाही म्हणू, म्हणून त्याने..."

"म्हणून त्याने स्वतःचं रक्त घातलं? आपल्यात बिघाड आहे हे त्याला कुठे ठाऊक होतं?"

सर्जनसाहेबांनी अहवालाचं शेवटचं पान पुन्हा उलटलं.

पणबाईंनी नवा नमुना घ्यायचं ठरवलं, आणि या खेपेला नळीवरून नजर हलवायची नाही, असंही. मासोळी खुर्चीत बसली. तिची आई शेजारी, हातातल्या पिशवीचे बंद पिळत. बारीकशी बाई, उपचारांनी गेलेले केस नुकते भुरभुर परतलेले.

"रक्तगट?" नर्सताईंनी नेमाप्रमाणे विचारलं.

"बी," आई चटकन म्हणाली.

"ओ, मावशी. आम्ही दोनदा तपासलाय."

"हो का?" आईने पिशवी पोटाशी धरली. "असेल. मेली आठवण कुठे जाग्यावर असते हल्ली."

मासोळी हसली. "आई, तू तर माझ्या वाढदिवसालाही दादाला ओवाळलं असतंस."

नळी भरली. पणबाईंनी ती मुठीत धरली आणि जिना उतरल्या. लिफ्ट नाही, पेटी नाही, मध्ये कुणी नाही. नळीवाल्याने त्यांच्यासमोर काम सुरू केलं. आईची परवानगी घेऊन तिच्या राखून ठेवलेल्या नमुन्याशीही ताडून पाहायचं ठरलं.

उत्तर घेऊन नळीवाला स्वतः वर आला. धापा टाकत, कारण त्यानेही आता लिफ्ट सोडली होती.

"बाई, पुन्हा बाप्याच. आणि साधासुधा नाही. हे रक्त त्या आईच्या पोटच्या मुलाचं आहे."

"तिला मुलगा एकच," सर्जनसाहेब म्हणाले. "तो लिफ्टवाला."

"पण," पणबाई खुर्चीत बसत म्हणाल्या, "सुई मासोळीच्या दंडात होती. मी तिचा हात धरला होता."

 शिशीतल्या भुतासारखं ते रक्त टेबलावर उभं होतं. भावाचं, आणि बहिणीच्या अंगातून आलेलं.

४

लिफ्टची यंत्रं गच्चीवरच्या खोलीत होती. दादा तिथे वंगण भरत बसला होता. शीळ मधुर होती, सूर मात्र दर तिसऱ्या ओळीला घसरत होता.

इथे यायच्या आधी पणबाई बराच वेळ जिन्यात थांबल्या होत्या. या माणसाने चाचणी मागितली नव्हती, सही केली नव्हती, आणि तरी त्याच्या अंगातलं गुपित त्यांच्या मुठीत होतं. चोरीचा माल सापडावा तसं.

"तुमच्याबद्दलची एक गोष्ट आमच्या हाती आलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही न मागता. ती ऐकायची की नाही, हे तुमच्या हातात. नको म्हणालात तर मी आल्या वाटेने जिना उतरेन."

"लिफ्टने जा की. नीट केलीय." मग तो गंभीर झाला. "मासोळीच्या उपयोगाची आहे?"

"आहे."

"मग सांगा."

त्यांनी सांगितलं. आईचा बिघाड त्याच्याकडे आलाय. पुरुषांना धोका कमी असतो, पण असतो. तपासण्या वेळच्या वेळी केल्या तर लक्ष ठेवता येतं. दादाने पाना खाली ठेवला, हात पुसले, पुन्हा पुसले.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे आईचं नाक तिला आणि हे मला. वाटणीत मी नेहमीच मार खातो."

"आता तुम्ही मला सांगा. तुमचं रक्त तिच्या नळीत कसं आलं?"

"माझं रक्त? पेटी मी बाजूला सरकवली, एवढंच. मी जन्मात कुणाला रक्त दिलेलं नाही, बाई."

"रुग्णालयात कधी राहिलात?"

"लहानपणी एकदा. सायकलवरून पडलो होतो. पालथं झोपवून ठेवलं होतं मला, कंबरेला मागे पट्ट्या. आई सारखी रडायची आणि सारखे मुके घ्यायची." तो आठवून हसला. "काय लाड झाले. घरी आलो तर दारात नवी कोरी सायकल. माझी पहिली."

"पडलात कशावरून म्हणालात?"

"सायकलवरून."

"जी घरी आल्यावर मिळाली?"

दादाच्या ओठांवर शीळ अर्धवट राहिली.

५

तलावावर सकाळची मुलं निघून गेली होती. पाणी अजून डुचमळत होतं. मासोळी कडेने पोहत आली आणि काठाला हात टेकून थांबली. पणबाई चपला हातात घेऊन ओल्या फरशीवर उभ्या होत्या.

"लहानपणचं काय आठवतं तुम्हाला?"

"चौकशी माझीही?" मासोळी म्हणाली. "काय आठवणार. अशक्त होते म्हणे. बाहेरचं खायचं नाही, कुणी खेळायला यायचं नाही. मग एक दिवस आईने उचललं आणि सरळ पाण्यात सोडलं. त्यानंतर मी बाहेर आलेच नाही."

"आणि डॉक्टरांकडे?"

"जायचो मधूनमधून. हां, एक आठवतं. अजून लाज वाटते." ती गळ्यापर्यंत पाण्यात गेली. "शाळेत जायला लागले होते मी. चांगली मोठी घोडी. आणि आई मला लशीच्या रांगेत घेऊन गेली. पुढे तान्ही, मागे तान्ही, सगळी दुपट्यातली. त्यांच्या मधोमध मी, दोन वेण्या घालून. तान्ह्या बाळांना देतात त्या सगळ्या सुया मला पुन्हा पहिल्यापासून दिल्या. एक बाळ तर माझ्याकडे बघून रडायचं थांबलं. मी विचारलं, दादाला का नाही? आई म्हणाली, तुझं अंग पहिल्या सुया विसरलं."

पणबाईंच्या हातातली एक चप्पल पाण्यात पडली. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या हसत होत्या, खांदे हलवत, मोकळ्या गळ्याने. रुग्णालयात त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"हसताय काय?" मासोळीने चप्पल काठावर ठेवली.

"नळी कुणीच बदलली नाही, म्हणून हसतेय. उद्या या. दादाला आणा. आणि आईला आणाच."

६

बैठकीच्या खोलीत सगळे जमले. नर्सताई हाताची घडी घालून, नळीवाला खुर्चीच्या टोकावर, सर्जनसाहेब घड्याळाकडे बघत, आणि ती तिघं मायलेकरं एका रांगेत. आई मध्ये.

"दोन नळ्या," पणबाईंनी सुरुवात केली. "एक लिफ्टने आली, एक माझ्या मुठीत. दोन्हींत रक्त एकच. म्हणजे अदलाबदल वाटेत झाली नाही. वाट सोडली तर उरतो तो दंड. मासोळीच्या दंडातच भावाचं रक्त वाहतंय."

"असं कसं वाहील?" सर्जनसाहेब म्हणाले. "चढवलेलं रक्त टिकत नाही."

"रक्त टिकत नाही. पण रक्त बनवणारी विहीर दुसऱ्याची असेल तर?" त्या वळल्या. "आई म्हणाली बी, तपासणी म्हणते ओ. बाकी कुणाचा विसरेल, पण आजारी लेकराचा रक्तगट आई विसरत नाही. तो बी होता. मग बदलला. दुसरं, एक मुलगा न मिळालेल्या सायकलवरून पडतो आणि त्याला लागतं कुठे, तर कंबरेच्या हाडावर, मागच्या बाजूला. तिथूनच हाडातली, रक्त बनवणारी मज्जा काढतात. आणि तिसरं, शाळेतल्या मुलीला तान्ह्यांच्या लशी पुन्हा द्याव्या लागतात, कारण तिचं अंग पहिल्या विसरलं. जुनी मज्जा गेली की तिची आठवणही जाते."

सर्जनसाहेबांचं घड्याळाकडे बघणं थांबलं होतं.

आईने पिशवी खाली ठेवली. "खरं आहे," ती म्हणाली. "हिच्या अंगात रक्तच बनेना. दादाची मज्जा जुळली, तीच हिला दिली. एवढंसं पोर, त्याला काय सांगायचं? हिचे बाबा म्हणाले, सायकल आणू."

"आई, मला का नाही सांगितलंस?" मासोळीचा आवाज बारीक झाला.

"डॉक्टर म्हणाले, आता ही इतर मुलांसारखी. मी ठरवलं, इतर मुलांसारखी म्हणजे इतर मुलांसारखी. तुला कुणी 'जपून' म्हणालेलं मला नको होतं. बाबा गेले, आणि ती गोष्ट माझ्या एकटीपाशी राहिली." तिने लेकीच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. "मला काय ठाऊक त्याचं अजून तुझ्यात आहे म्हणून? पाजलेलं दूध कुणी अंगात शोधतं का? मला वाटलं, ते केव्हाच तुझं झालं."

 नर्सताईंनी पदराने नाक पुसलं आणि त्यांचं बघून नळीवाल्यानेही आपला रुमाल काढला.

दादाच शेवटी म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं हिचं डोकं तापायचं ते माझ्या रक्ताने?"

"तुझ्या रक्ताने तापायचं, म्हणून तर लवकर थंड व्हायचं," मासोळी म्हणाली.

"पण," पणबाईंनी बोट वर केलं, आणि या खेपेला कुणी सुस्कारा टाकला नाही, "मुख्य प्रश्न तसाच आहे. दादाच्या रक्तावरून आपण मासोळीचे स्तन कापणार होतो. मासोळीच्या स्वतःच्या जनुकात काय आहे, हे आपण अजून पाहिलेलंच नाही. असेलही, नसेलही."

"मग गालाच्या आतून कापसाचा फाया फिरवून तिच्या पेशी घेऊ," सर्जनसाहेब म्हणाले.

"लाळेतही रक्तातल्या पेशी उतरतात. तिथेही दादा बसलेले असतील. दंडाच्या कातडीचा एक कण घेऊ, प्रयोगशाळेत वाढवू. कातडी तिची जन्माची आहे. वेळ लागेल, पण उत्तर तिचंच असेल."

मग त्या नर्सताईंकडे वळल्या. "आणि तुमच्या प्रश्नातलं 'हल्ली' माझं होतं. ते खोडते. यापुढे विचारायचं, आयुष्यात कधीही कुणाची मज्जा किंवा अवयव मिळालाय का. लहानपणचं असेल तर घरच्या थोरांनाही. आणि पेटी एकटी फिरणार नाही."

"लिफ्टलाही एकटं बरं वाटत नाही," दादा म्हणाला. "म्हणून अडकते."

७

वाट पाहण्याचे दिवस आले तसे गेले. मासोळी शिकवत राहिली, फक्त पाण्यातून बाहेर यायला तिला उशीर होऊ लागला.

अहवाल आला तेव्हा सर्जनसाहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचला. पहिलं पान वाचलं, मधली वाचली, शेवटच्या पानाच्या तळाला नाक लावून मुंगीची अक्षरं वाचली. मग पणबाईंकडे सरकवला. त्यांनीही वाचला, सावकाश, बोट ठेवून. नमुना बाईचा. बाई त्या आईची लेक. जनुकात बिघाड नाही.

"तुमचं माझ्याकडे काही काम उरलं नाही," सर्जनसाहेब म्हणाले. "आणि हे सांगताना मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. सर्जनला बेकार करताय तुम्ही."

मासोळीने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले, हरवलेलं लेकरू सापडावं तसे. हसली. हसता हसता तिची नजर भावावर गेली आणि तिचा चेहरा फिरला.

"दादा, माझ्या वाटचं तुझ्याकडे आलं रे."

"वेडी आहेस. ते आधीपासून माझंच होतं. तुझ्यामुळे कळलं तरी." त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. "बाई म्हणतात, कळलेलं बरं. न कळता चोरपावलांनी आलं असतं तर?"

"तपासणीच्या तारखा मी घेणार. दर खेपेला मी घेऊन येणार. काम आहे, लिफ्ट अडकलीय, असलं काही ऐकणार नाही."

"ऐकलंस, आई? मज्जा मी दिली आणि दादागिरी हिची."

"दोघं भांडा," आई म्हणाली. "मला ऐकत बसू दे." तिने डोळे मिटले. तिच्या एका हातात लेकीचा हात होता आणि दुसऱ्यात लेकाचा, आणि ती दोघं तिच्या डोक्यावरून एकमेकांना चिडवत राहिली.

नळीवाला तळघरात बातमी सांगायला धावला. नर्सताई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या की त्यांच्या हातून नळी कधीच बदललेली नाही. पणबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. विचारायचं काहीच उरलं नव्हतं, आणि ती रिकामी जागा त्यांना फार आवडली.

मासोळीने फोन काढला आणि तलावाचा नंबर लावला.

"उद्याची सकाळची पोरं दुसऱ्या कुणाला देऊ नका," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती थांबली, मोठा श्वास घेतला, सूर मारण्याआधी घेतात तसा.

"हो," ती म्हणाली. "येतेय मी. अख्खी येतेय."